बाळाच्या बेंबीला लोकरीचं मेण? अजिबात नको

निपाणीला माझी भाची बाळंतीण आहे. तिच्या सासूबाईंनी काल धनगरांकडून कच्ची लोकर मागवली, कारण मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: 'लोकर उकळा, वर येणारं पिवळं मेण बाळाच्या बेंबीला आणि आईच्या स्तनाग्रांवरच्या भेगांना लावा. चमचाभर पोटात घ्या, ड जीवनसत्त्व मिळेल. दुकानातलं लॅनोलिन नको, ती मेंढी मारून काढलेली चरबी असते.' (लॅनोलिन म्हणजे लोकरीवरचं हेच मेण, शुद्ध केलेलं.) बेळगाव, चिकोडी, खानापूर, सगळीकडे पोचलाय तो. वाचून डोकं फिरलं.

आधी बेंबीचं. आपल्याकडे खतासाठी बकरी, म्हणजे मेंढरं, शेतात बसवतात. त्यांची लोकर हातात घेऊन बघा: चिकटलेल्या लेंड्या, गोखरू, मुताने पिवळे पडलेले झुबके. गोचिडांचं औषधही त्याच लोकरीवर मारतात, आणि ते मेणात उतरतं. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने हमखास मरत नाहीत. नाळेच्या ओल्या जखमेवर हे लावायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं मार्गदर्शन सरळ आहे: नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा. म्हणजे तेल नाही, राख नाही, हळद नाही, आणि हे मेण तर मुळीच नाही. बेंबीभोवती लाली, घाण वास किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

भेगांचं म्हणाल तर त्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करावं लागतं. शुद्ध लॅनोलिन डॉक्टरही स्तनाग्रांना लावायला सांगतात. पण ते कारखान्यात तयार होतं. साबणाच्या गरम पाण्यात लोकर धुतात, ते पाणी यंत्रात जोरात फिरवून मेण वेगळं काढतात, मग त्यातला मळ, वास आणि कीटकनाशकांचा अंश काढून टाकतात. चुलीवरच्या पातेल्यात यातलं काय होणार? त्यातून आपल्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीत मेरिनो या मऊ लोकरीच्या जातीच्या मानाने मेण मुळातच कमी. आणि शुद्ध लॅनोलिनचीही काहींच्या कातडीला ॲलर्जी होते.

ड जीवनसत्त्व? या मेणातलं कोलेस्टेरॉल वेगळं काढून, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून, अतिनील किरण सोडल्यावर ड३ बनतं. नुसतं मेण गिळून ते मिळत नाही.

मेंढी मारायचा तर प्रश्नच नाही. हे मेण तिच्या कातडीतल्या ग्रंथींतून लोकरीवर येतं आणि कातरलेली लोकर धुताना निघतं.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच्या आज लिहावं: बेंबीला काही लावू नका.