बारा व्होल्टमधून शंभर वॅट निघत नाहीत

घरी छोटा स्टिरिओ अँप्लिफायर करायला घेतलेल्या मुलांपर्यंत एक मजकूर हमखास पोचतो: ‘४४४० घ्या, दुसरं काही बघू नका. १२ व्होल्टवर एका आयसीतून १०० वॅट, डबल आयसीतून २०० वॅट. हीटसिंक म्हणून पत्र्याचा तुकडा चालतो. क्लास डीच्या बोर्डात बेस नसतो.’ ४४४० म्हणजे सान्योचा एलए४४४० हा अँप्लिफायर आयसी (चिप), आणि क्लास डी म्हणजे आउटपुट वेगाने चालू-बंद करून चालणारा, कमी तापणारा अँप्लिफायर. या मजकुरावर भरवसा ठेवून साठवलेले पैसे घालवलेली मुलं माझ्याकडे बोर्ड घेऊन येतात आणि मला वाईट वाटतं.

आधी वॅट बघू. १२ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर (फक्त प्लस आणि ग्राउंड) आउटपुट मधल्या ६ व्होल्टपासून वर ६ आणि खाली ६ एवढंच हलू शकतं. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याचे साडेचार वॅट होतात, तेही आयसीने स्वतःसाठी काहीच व्होल्टेज खाल्लं नाही असं धरून. ब्रिज केला, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं दोन चॅनेलनी उलट दिशांना हलवली, तर १८. सान्योची एलए४४४० ची डेटाशीटसुद्धा १३.२ व्होल्टवर चॅनेलमागे ६ आणि ब्रिजमध्ये १९ वॅट सांगते, आणि हे आकडे १० टक्के डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज फाटल्यावरचे आहेत. मी एकदा ४ ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावून, बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना मोजलं होतं. ३.७ व्होल्ट आरएमएसच्या (टोकाला सुमारे सव्वापाच व्होल्ट) पुढे ऑसिलोस्कोपवर लाटेची टोकं चपटी झाली. म्हणजे स्वच्छ आवाज जेमतेम साडेतीन वॅटचा.

साडेतीन वॅट कमी नाहीत, हेही सांगायला हवं. १ वॅटला मीटरभर अंतरावर ९० डेसिबल देणारा स्पीकर त्यावर ९५ च्या पुढे जातो. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही.

४४४० ची खरी अडचण वॅटची नाहीच, गेनची, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो याची आहे. त्याचा गेन ५१.५ डेसिबल, म्हणजे जवळपास ३७५ पट. १०-११ मिलिव्होल्ट मिळाले की तो पूर्ण जोरात जातो. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून त्याच्या कित्येक पट सिग्नल येतो. मग व्हॉल्यूमचा नॉब जरासा फिरवला की आवाज फाटतो, आणि नॉब खाली असला तरी ‘घूं’ चालूच राहतं. पोरं फिल्टर कपॅसिटर बदलत बसतात. इनपुट कपॅसिटरच्या अलीकडे, आयसीच्या अगदी जवळ, २२ के (किलोओहम) चा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १ के चा ग्राउंडला लावून बघा. नॉब पूर्ण फिरवता येतो, आणि वायरमधून शिरलेला हमही (तीच ‘घूं’) त्याच प्रमाणात कमी होतो.

पत्र्याचा तुकडा मुळीच चालत नाही. १३.२ व्होल्टवर, ४ ओहमला ब्रिजमध्ये, वाईटात वाईट वेळी एका आयसीत ८-९ वॅटची उष्णता होते. ती बाहेर काढायला उभ्या पट्ट्यांचा (फिनचा) अ‍ॅल्युमिनियम हीटसिंक आणि पेस्ट लागते. त्यात १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरमधून (मधली वायर म्हणजे सेंटर टॅप, तिच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट एसी) दोन डायोडनंतर १६ व्होल्टच्या वर डीसी मिळतो, लोड नसताना आणखी जास्त, आणि या आयसीची मर्यादा १८ आहे. १२-०-१२ ची दोन्ही टोकं ब्रिज रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडना) देऊन सेंटर टॅप मोकळा सोडला, तर ३० च्या वर व्होल्टेज जाऊन आयसी जागच्या जागी उडतो.

क्लास डीत बेस नसतो, ही समजूत मला वाटतं पीएएम८४०३ मुळे झाली असावी. तो ५ व्होल्टचा, ३-३ वॅटचा क्लास डी आयसी, त्याला लोक दोन इंची स्पीकर लावतात. तेवढ्या कोनमधून बेस येणार कुठून? टीपीए३११६डी२ या दुसऱ्या क्लास डी आयसीला चांगला वूफर आणि करंट देऊ शकणारा अडॅप्टर द्या, खालचा आवाज भरीव येतो. २१ व्होल्टवर ४ ओहमला चॅनेलमागे ५० वॅटचा हा आयसी १२ व्होल्टवरही दोन्ही बाजूंना ४४४० च्या ब्रिजइतका जोर देतो, आणि फारसा तापत नाही.

म्हणून आयसीच्या आधी घरात कोणता सप्लाय आणि किती ओहमचे स्पीकर पडलेत ते बघा. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ८ ओहमचे स्पीकर असतील तर टीडीए७२९७ किंवा टीपीए३११६. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर ड्युअल सप्लाय (ग्राउंडच्या दोन्ही बाजूंना प्लस आणि मायनस) करून टीडीए२०३०ए चे दोन आयसी. गाडीची बॅटरी आणि जुना ४४४० हाताशी असेल तर तोच, वरचे दोन रेझिस्टर लावून. मात्र ७२९७ आणि ३११६ च्या स्पीकरची मायनस वायर ग्राउंडला किंवा एकमेकींना जोडू नका. दोन्ही आयसी आतून ब्रिज आहेत, त्या मायनसवरही व्होल्टेज असतं.