काळ्यावर सगळं खपतं म्हणे

"काळं घाल रे, काळ्यावर सगळं खपून जातं," असा सल्ला देणारी माणसं स्वतः बहुतेक वेळा बिस्किटी रंगाच्या कपड्यांत असतात. काळ्या कपड्यांशी ज्याचा रोजचा संसार आहे तो असलं काही बोलत नाही. त्याच्या हातात चिकटपट्टी असते आणि त्याला आधीच उशीर झालेला असतो.

काळ्यावर खपतात ती फक्त शाई आणि ग्रीस. ती माझ्या अंगावर सहसा सांडत नाहीत. जे सांडतं ते सगळं पांढरं. टॉवेलची लव, टूथपेस्टचा शिंतोडा, डोक्यातला कोंडा. शिवाय माझ्या काळ्या शर्टावर कायम एक लांबलचक पांढरा केस असतो. आमच्या घरात एवढे लांब पांढरे केस कुणाचेच नाहीत. निदान तसं अजून कुणी कबूल केलेलं नाही.

डिओडरंटचा प्रकार तर वेगळाच. डबीवर 'डाग पडत नाहीत' असं ठसठशीत छापलेलं असतं. टी-शर्ट डोक्यातून खाली ओढला, की बरगडीपासून कमरेपर्यंत खडूने मारावी तशी रेघ. ओल्या फडक्याने पुसली की रेघ जाते आणि तिथे फडक्याची लव बसते. लव काढायला चिकटपट्टी मारावी तर लव निघते, पण पट्टीचा चिकटा मागे राहतो आणि उरलेल्या घरातली लव तिथे मुक्कामाला येते. हे सगळं एका पायात बूट घालून, दाराच्या कडीला धरून चाललेलं असतं.

बरं, शर्ट साफ झाला तरी पँट आहेच. 'काळ्यावर काळं' यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण काळा म्हणून जो रंग विकतात तो पुष्कळदा दोन-तीन रंगांची खिचडी असतो. एखाद्यात निळा जास्त, एखाद्यात लाल, एखाद्यात हिरवट झाक. घरातल्या दिव्याखाली सगळे सख्खे भाऊ दिसतात आणि उन्हात पाऊल टाकलं की वाटण्या होतात. शर्ट जांभळट, पँट हिरवट, मोजे चक्क नेव्ही ब्लू. हे मला रस्त्यावर गेल्यावर कळतं. बायकोला ते घरातच कळलेलं असतं, पण ती म्हणते, "तुम्हाला विचारलं होतं का मी?"

त्यातून काळा कपडा म्हातारा होतो तो आपल्यापेक्षा वेगाने. काळी जीन्स गुडघ्यावर आणि खिशांच्या कडांना आधी पांढुरकी पडते. उलटी करून, गार पाण्यात, सावलीत, असे सगळे उपचार मी करतो. एवढं पथ्य मी डॉक्टरांनी सांगूनही पाळलेलं नाही.

मग माणसं हा रंग घालतात कशाला? तर त्याच्या रुबाबासाठी. आणि हा रुबाब जुना आहे. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचा सरदार, ड्यूक फिलिप, याच्या वडिलांचा १४१९ मध्ये खून झाला, तेव्हापासून त्याने काळा रंग जो धरला तो पुढे दरबारी ऐटच होऊन बसला. कारण त्या काळी गडद, टिकाऊ काळा रंगवणं महागडं काम होतं. म्हणजे सुतकही आणि श्रीमंतीही, दोन्ही एकाच कापडात. राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये नवरा गेल्यावर काळे कपडे घातले ते १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत. आणि १९२६ मध्ये फॅशन डिझायनर कोको शनेलचा साधा काळा ड्रेस 'व्होग' मासिकाने छापला, त्याला थेट फोर्ड मोटारीची उपमा दिली. फोर्डची मॉडेल टी तेव्हा घराघरांत पोचली होती आणि मधली बरीच वर्षं ती फक्त काळ्याच रंगात मिळायची. विधवा राणी, फॅशनची राणी आणि मोटार, तिघींचा एकच रंग. वर न्यायाधीश, धर्मगुरू, गिटार बडवणारी पोरं आणि दारावरचे बाउन्सर आहेतच. एवढ्या गर्दीत बघणाऱ्याने आपल्याला नक्की कोण समजावं?

मला वेटर समजतात. एका समारंभाला मी आपादमस्तक काळा, म्हणजे माझ्या मते गूढ आणि भारदस्त, असा भिंतीपाशी उभा होतो. एका बाईंनी रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. मी तो घेतला, हीच चूक. पाठोपाठ त्यांच्या यजमानांनी बशी दिली आणि "जरा पाण्याचं बघा हो," म्हणाले. मी बघितलं. काय करणार, त्यांनी 'हो' फार आर्जवाने लावला होता.

राहता राहिला तो काळ्यात माणूस बारीक दिसतो म्हणतात, तो मुद्दा. तो अगदीच थाप नाही. उजळ वस्तू डोळ्यांना असते त्यापेक्षा मोठी वाटते, गडद वस्तू लहान. जपानमध्ये 'गो' या पटावरच्या खेळातल्या काळ्या सोंगट्या म्हणूनच मुद्दाम किंचित मोठ्या घडवतात: काळी २२.२ मिलिमीटर, पांढरी २१.९, तेव्हा कुठे दोन्ही सारख्या दिसतात. हे वाचून मला आधी फार आनंद झाला. मग हिशोब केला. फायदा ०.३ मिलिमीटरचा. माझ्या पोटाची अडचण त्याहून जरा मोठी आहे.

शिवाय ऊन. काळा रंग उष्णता पितो हे शाळेत शिकलो आणि दुपारी बारा वाजता पाठीवर अनुभवलं. तरीही वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे घालतात! शास्त्रज्ञांनी मुद्दाम एका माणसाला वाळवंटात काळा आणि पांढरा झगा घालून उभं केलं आणि १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापला: काळ्या झग्याचं कापड जास्त तापतं, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच. ती जादा उष्णता मधल्या मोकळ्या हवेतच निघून जाते.

म्हणजे काळं घालून गार राहायचं तर कपडा ढगळ हवा, आणि बारीक दिसायचं तर अंगाबरोबर बसणारा हवा. मी अंगाबरोबरचा घेतलाय. बारीक दिसत नाही ते नाहीच, वर घामाची मिठं वाळली की पाठीवर पांढरे नकाशे उमटतात, आणि ते काही चिकटपट्टीने निघत नाहीत.