‘गावाला काय कळतं?’ : फ्रॅकिंगबंदीवरच्या एका दाव्याला उत्तर

अमेरिकेतल्या शेल गॅसचा, म्हणजे शेल नावाच्या खडकात अडकलेल्या गॅसचा, विषय निघाला की एक मांडणी हमखास पुढे येते. फ्रॅकिंग, म्हणजे पाणी, वाळू आणि रसायनं जोरदार दाबानं सोडून गॅससाठी खडक फोडणं, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर होतं, तिथून पिण्याच्या पाण्याला धोका पोचतच नाही. गावांनी आणि शहरांनी घातलेल्या बंद्या म्हणजे अज्ञानातून आलेली भीती. हे काम राज्याच्या तज्ज्ञांचं, नगरपालिकेचं नाही. आणि शेवटी, त्या बंद्या टिकत तरी कुठे? टेक्सासमधल्या डेंटन शहराची बंदी काही महिन्यांतच गेली, तिच्याकडे बोट दाखवून हे सगळं सांगितलं जातं. म्हणून मीही डेंटनपासूनच सुरुवात करतो.

अज्ञानाचा आरोप तर डेंटनला अजिबात लागू पडत नाही. हे शहर बार्नेट शेल या गॅसधारी खडकाच्या थरावर वसलं आहे. आजचं फ्रॅकिंगचं तंत्र १९९०च्या दशकात याच खडकात आकाराला आलं. शहराच्या हद्दीत पावणेतीनशेच्या आसपास गॅसविहिरी होत्या. ४ नोव्हेंबर २०१४ला जवळपास ५९ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूनं कौल दिला. प्रचारात बंदीविरोधी बाजूनं कितीतरी पट जास्त पैसा ओतला होता, तरीही. दहा-बारा वर्षं विहिरींच्या शेजारी संसार केलेल्या माणसांना फ्रॅकिंग माहीत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्यांनी काय पाहिलं होतं ते जरा जवळून बघू. विहीर फ्रॅक करायचे दिवस आले की पंप बसवलेल्या ट्रकांची रांग लागते आणि त्यांची डिझेल इंजिनं रात्रंदिवस धडधडत राहतात. वाळूचे ट्रक, रसायनांचे ट्रक, पाण्याचे ट्रक. एका विहिरीला बहुतेक वेळा कोटीभर लिटरहून जास्त पाणी लागतं. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरनं ते आणायचं म्हटलं तर हजार खेपा. हे सगळं घराच्या कुंपणापलीकडे. डेंटननं आधी बंदी घातलीच नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. आधी नियम केला : विहीर आणि घर यांत १२०० फुटांचं अंतर हवं. पण जुन्या परवान्यांना नवा नियम लागू होत नाही, असं म्हणत त्याहून कितीतरी जवळ काम सुरूच राहिलं. नियमानं भागेना, तेव्हा लोक मतपेटीकडे गेले. आणि बंदी तरी कशावर? हद्दीतल्या फ्रॅकिंगवर. चालू विहिरींतून गॅस काढायला तिनं मनाई केली नव्हती.

याच डेंटन काउंटीत बार्टनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे फ्रॅकिंगलाही पाणी पुरवता येईल अशी पाण्याची उंच टाकी उभी राहणार होती. तिच्याविरुद्धच्या दाव्यात गोंगाट आणि ट्रकांची वर्दळ ही कारणं दिली होती आणि दावा करणाऱ्यांत एक्सॉनमोबिल या बड्या तेल-गॅस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रेक्स टिलरसन होते. पुढे ते त्यातून बाहेर पडले. पण राहत्या घराजवळ हा उद्योग नको, असं या धंद्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसालाही वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पाणी. खोल खडकातल्या भेगा थेट वर पिण्याच्या पाण्यापर्यंत येणं दुर्मीळ आहे, हे मान्य. पण मुख्य धोका तिथे नाहीच. ज्यानं शेतात बोअर मारलंय त्याला हे चटकन कळेल : खाली जाणारं भोक वरच्या पाण्याच्या थरातूनच जातं. केसिंग (भोकात बसवलेला पाइप) आणि त्याभोवतीचं सिमेंट नीट नसेल तर दोन्ही थर एकमेकांत मिसळायला वाट मिळते. त्याशिवाय जमिनीवर रसायनं सांडतात. विहिरीतून परत येणारं पाणी समुद्राहून कितीतरी खारट असू शकतं आणि त्यात रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्यंही सापडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, डिसेंबर २०१६च्या अंतिम अहवालात हेच मार्ग नोंदवले. २०१५च्या मसुद्यातलं ‘व्यापक परिणामांचा पुरावा नाही’ हे वाक्य अजूनही सगळीकडे फिरवलं जातं, पण अंतिम अहवालातून ते काढून टाकलेलं आहे. ओक्लाहोमातले भूकंपही बहुतांशी फ्रॅकिंगच्या धक्क्यानं झालेले नाहीत. तेल-गॅस विहिरींचं असलं सांडपाणी पुन्हा खोल जमिनीत कोंबल्यानं ते झाले. तेव्हा ‘फ्रॅकिंग म्हणजे फक्त खालचा खडक फोडणं’ अशी व्याख्या केली की बाकीचं सगळं आपोआप हिशेबाबाहेर जातं.

‘राज्याचे तज्ज्ञ बघतील’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की २००५च्या ऊर्जा कायद्यानं फ्रॅकिंगला, डिझेलचा वापर सोडला तर, पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्याच्या एका मुख्य नियंत्रणातून सूट दिली. आणि खडकाचं शास्त्र राज्याकडे असेलही, पण शाळेशेजारी कारखाना असावा का, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा नाही. तो जमीनवापराचा आहे, आणि तो नगरपालिका रोजच सोडवतात.

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं. ड्रायडन या छोट्या टाउननं २०११मध्ये झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जागी काय चालेल हे ठरवणाऱ्या, नियमांतून गॅस उत्खननाला मनाई केली. कंपनी कोर्टात गेली. ३० जून २०१४ला ५ विरुद्ध २ मतांनी टाउन जिंकलं : उद्योग कसा चालवायचा हे राज्य ठरवेल, पण आपल्या हद्दीत तो कुठे चालेल आणि चालेल की नाही, हे टाउन ठरवू शकतं. त्याच डिसेंबरात राज्य सरकारनंच फ्रॅकिंगला नकार जाहीर केला.

म्हणजे ‘बंद्या टिकत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. डेंटनची बंदी कशी गेली? निकालानंतर लगेचच तेल-गॅस उद्योगाची संघटना आणि राज्याचं भूमी कार्यालय कोर्टात गेले. मग मे २०१५मध्ये टेक्सासनं एचबी ४० हा कायदा करून असल्या बंद्या घालण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला आणि जूनमध्ये डेंटनला बंदी मागे घ्यावी लागली. बंदी चुकीची ठरली म्हणून ती गेली नाही. कोलोरॅडोत लाँगमाँट शहराची बंदी २०१६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, तीही राज्याचा कायदा वरचढ म्हणून. तीनच वर्षांनी, एप्रिल २०१९मध्ये, कोलोरॅडोनं तो कायदाच बदलला आणि विहिरी कुठे असाव्यात यावर स्थानिक सरकारांना हक्क दिला.

राहता राहिलं ‘आपल्याला काय त्याचं?’. आपल्या सरकारी गॅस कंपनीनं, गेलनं, अमेरिकी कंपनीशी केलेल्या दीर्घ कराराचं पहिलं एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) जहाज मार्च २०१८च्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या टर्मिनलला लागलं. ते लुइझियानातल्या सबीन पासहून निघालं होतं, जिथे शेलमधला गॅसही येतो. आपली चूल आणि आपले कारखाने त्या विहिरींशी जोडलेले आहेत. म्हणून तिथल्या माणसांनी ‘आमच्या कुंपणापलीकडे नको’ म्हटलं, तर त्यांना अडाणी ठरवायच्या आधी मी त्यांचं म्हणणं ऐकून घेईन.