कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माझी राहून गेलेली वजाबाकी

नमस्कार. ऑर्किडला कॅल्शियम-मॅग्नेशियम देण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यात आकडे आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलात फांदीवर वाढणाऱ्या ऑर्किडला कोणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पाजत नाही, तेव्हा हा सगळा खतविक्यांचा धंदा. द्यायचंच असेल तर अंड्याच्या टरफलांची पूड पुरते. आणि माझ्या लेखातलं प्रमाण दीड महिना वापरल्यावर तुमच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या मुळांची हिरवी टोकं काळी पडली.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम घाला, असं मी लिहिलं. तेवढ्याच हिशेबाने नेहमीचं खत कमी करा, हे लिहायचं राहिलं. कॅल्शियम नायट्रेटमध्ये कॅल्शियम साधारण 19 टक्के असतं, तसा नायट्रोजनही 15.5 टक्के असतो. तुम्ही 20-20-20 (नायट्रोजन, फॉस्फेट, पोटॅश प्रत्येकी 20 टक्के असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम देत होताच, म्हणजे 200 पीपीएम, अर्थात लिटरला 200 मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यावर माझे 155. शिवाय हे दर आठवड्याला, आणि तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मुळातच 400. मुळं भाजली यात नवल नाही. लेखात दुरुस्ती केली आहे: एका आठवड्याला नेहमीचं खत अर्धा ग्रॅम, पुढच्या आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम, आणि मध्ये एकदा नुसतं पाणी, भरपूर, कुंडीच्या तळातून धो-धो वाहू द्यायचं.

पण तुमच्या बाबतीत तर तेही नको! तुम्हीच लिहिलंय की पाणी उकळायच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो आणि पानांवर पांढरे डाग पडतात. तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या नळातूनच झाडाला कॅल्शियम मिळतंय. लागलंच तर थोडं मॅग्नेशियम: एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे साधारण 25 पीपीएम, महिन्यातून एकदा. मी लेख लिहिला तो आरओच्या नाहीतर पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांसाठी, आणि ते पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी ऑर्किडची खतं दोन आहेत, ती याचसाठी. शुद्ध पाण्यासाठी 13-3-15, त्यात 8 टक्के कॅल्शियम आणि 2 टक्के मॅग्नेशियम. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी 19-4-23, त्यात अनुक्रमे 2 आणि 1.

आता धंद्याबद्दल. अर्धं बरोबर आहे तुमचं. ‘कॅल-मॅग’ म्हणून सुबक बाटलीत मिळतं त्यात बहुतेक वेळा याच दोन धातूंची नायट्रेटं पाण्यात विरघळवलेली असतात. पण गरजच खोटी, असं नाही. 20-20-20 सारख्या खतात कॅल्शियम सहसा नसतंच, कारण दाट द्रावणात ते फॉस्फेटशी भेटलं की गोठून तळाला बसतं. मी एकदा आळशीपणा करून 20-20-20, कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट तिन्ही एकाच बाटलीत दाट कालवल्या होत्या. पाच मिनिटांत नासलेल्या दुधासारखं झालं, आणि ते पंपाच्या नळीत अडकलं ते वेगळंच. म्हणून दोन दाट द्रावणं कधी एकत्र करायची नाहीत, वेगवेगळी पातळ करायची.

जंगलातलं ऑर्किड उपाशी नसतं. पाऊस पानापानांवरून, खोडावरून निथळत खाली येतो तेव्हा पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन घेऊन येतो. मुळांच्या बेचक्यात पालापाचोळा कुजतो, पक्ष्यांची विष्ठा, धूळ पडते. आपल्या कुंडीत असतात सालीचे तुकडे नाहीतर नारळाच्या सोडणाचे. सोडण तर स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं.

टरफलांची पूड सालीवर वर्षभर तशीच पांढरी दिसते, कारण साध्या पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही. नुकसान नाही, उपयोगही नाही.

ही कमतरता ओळखू कशी येते, असं तुम्ही जरा उपहासाने विचारलंय. माझ्या कॅटलिया ऑर्किडचा नवा फुटवा बोटभर झाला की कोवळ्या पानाचं टोक काळं पडायचं, ओलसर, आणि काळेपणा खाली सरकायचा. कुज समजून मी तीनदा बुरशीनाशक फवारलं. पुढचा फुटवाही तसाच. जुनी पानं मात्र ठणठणीत! तिथेच कळायला हवं होतं. कॅल्शियम एकदा पेशीभित्तीत बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे तुटवडा आधी कोवळ्या वाढीत दिसतो. मॅग्नेशियमचं उलट. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडतात, कधी कडेला लालसर होतात. माझ्या कॅटलियाला आरओचं पाणी होतं आणि कॅल्शियमचा थेंब नाही. कॅल्शियम नायट्रेट सुरू केल्यावर काळा पडलेला भाग काही सुधारला नाही, तो कापलाच. त्यानंतरचे दोन्ही फुटवे स्वच्छ आले.

तुमच्या फॅलेनॉप्सिसचं सगळ्यांत खालचं एकच पान सरसकट पिवळं होत असेल तर ते म्हातारपण आहे, त्यासाठी काही घालू नका. महिनाभर खत बंद ठेवा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर त्याने कुंडी दोनदा धुऊन काढा आणि तळातून निथळलेल्या पाण्याचा टीडीएस मोजा. वर ओतलेल्यापेक्षा तो किती जास्त येतो, तेवढं कळवाल का?