‘देव्हाऱ्यात बसवलेली आजी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आजीवरच्या माझ्या लेखाखाली आपण ‘एक वाचक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघा-तिघांनी सुचवलं. काढणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की मी आजीला देव्हाऱ्यात बसवलंय. नऊ बाळंतपणं, पहाटे चारला सुरू होणारा दिवस, नवऱ्याच्या नावावरची जमीन, आणि या सगळ्या राबणुकीवर मी रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, शाल पांघरून तिला ‘भरलेलं आयुष्य’ म्हणतो. एका अडाणी बाईच्या भाबड्या श्रद्धेचं हे कौतुक आहे. आणि जो ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी तलवारीच्या धाकाने लादला त्याचा इतिहास मी सोयीने गाळला.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने आमची वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोन शतकांत देवळं पाडली गेली, जबरदस्ती झाली, आमिषं दाखवली गेली. हे मी नाकारत नाही, आमच्याकडचं कुणी जाणतं माणूस नाकारत नाही. पण १७३९ नंतर काय? राजा गेला, फौज गेली, धाक गेला. पेशवाई आली, मग इंग्रज आले. तरी निर्मळ, भुईगाव, नंदाखालच्या वाड्यांतली माणसं मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात राहिली. नुसत्या तलवारीने टिकलेली गोष्ट तलवार गेल्यावर जवळपास तीनशे वर्षं टिकत नाही. आजीला यातलं एकही साल माहीत नव्हतं. ती कादोडी ही आमची बोली बोलायची, लाल लुगडं नेसायची आणि पलीकडच्या आळीतले हिंदू सामवेदी आपल्याच बोलीत बोलतात यात तिला नवल वाटायचं नाही. आपल्याला इतिहासावर टीका करायचीच असेल तर एक धागा देतो. धर्म बदलला तरी जात गेली नाही. आमच्या कुपारी जातीच्या घरात वाडवळ जातीची सून आली असती तर आजीने काय केलं असतं, याचा विचार मी मुद्दाम लांबवत नाही. तीही ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती, चर्च एकच. तरीही.

आता भाबडेपणाकडे येतो, कारण इथे आपला नेम अगदीच चुकलाय.

आजीला वाचता येत नव्हतं. मिस्सा लॅटिनमध्ये असायची त्या काळात ती वाढली. फादर लोकांकडे पाठ करून काय पुटपुटतात ते कळायचं नाही, म्हणून मागच्या बाकांवर बसून ती आपली माळ ओढायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढे मराठी मिस्सा सुरू झाली. ती खूश झाली असेल असं वाटलं होतं ना? अजिबात नाही. ‘आता सगळं कळतं, त्यामुळे माळेत लक्ष लागत नाही’ ही तिची तक्रार. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची पाच नवी रहस्यं (माळ ओढताना ज्यांचं चिंतन करतात ते येशूच्या आयुष्यातले प्रसंग) घातली आणि गुरुवार त्यांना दिला. गुरुवार आजीच्या हिशेबात आनंदाच्या रहस्यांचा होता. चर्चमध्ये सगळे नवीन म्हणायचे, घरी गुरुवारी शेवटपर्यंत आनंदाचीच रहस्यं चालली. कुणी आठवण करून दिली तर म्हणायची, ‘त्यांना रोममध्ये वेळ आहे.’ पोपलाही जिने आपल्या घरात वार बदलू दिला नाही, तिला आपण भाबडी म्हणताय.

आणि शेजाऱ्याचं प्रकरण. बांधावरून त्या घराशी तिचं आयुष्यभर वाजलं. आमच्या केळीच्या ओळीत त्यांचा बांध वीतभर सरकला, असं तिचं म्हणणं. त्यांचं म्हणणं अर्थातच उलटं. सकाळी कुदळ हातात धरून बांधावर उभी राहून ती जे बोलायची ते इथे छापता येणार नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की घरातली पोरंटोरं गुडघ्यावर, माळ सुरू. माळेनंतर मेलेल्यांची नावं, आजाऱ्यांची नावं, आणि मग त्या शेजाऱ्याचं नाव घेऊन एक ‘स्वर्गीय बापा’. अगदी नावानिशी. माझ्या काकाने एकदा विचारलं, रोज प्रार्थना करतेस तर भांडण मिटव ना. ती म्हणाली, प्रार्थना त्याच्यासाठी आहे, बांधासाठी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बांधावर. श्रद्धेने ती मऊ झाली नव्हती. तिने रागाला वेळ ठरवून दिली होती, इतकंच.

राबणुकीबद्दल आपण लिहिलंत ते खरं आहे आणि लेखातही ते तसंच आहे. दीड एकराची वाडी. रहाटाला बैल असायचा तोवर पहाटे बैलामागे ती, पंप आला तेव्हा पाटाला दारं धरायला ती. पण ‘नवऱ्याच्या नावावरची जमीन’ म्हणून पुढे जाण्याआधी त्या वाडीतला पैसा कुणाच्या हातात होता ते पाहा. भाजी आणि केळीचे घड दलालाकडे जायचे, तो हिशेब आजोबांचा. सुकेळी मात्र आजीची. पावसाळा सरला की राजेळीचे घड पिकवायचे, सोलायचे आणि कामट्यांच्या मांडवावर एकेक केळं सुटं मांडायचं. दिवसभर ऊन. माशा, कावळे आणि नातवंडं यांच्यावर डोळा. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं गोळा करून झाकायचं, सकाळी पुन्हा मांडायचं, फिरवून मांडायचं. काही दिवसांनी केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं आणि बोटाला चिकटायला लागतं. जास्त वाळलं तर चामडं, कमी वाळलं तर बुरशी. ती अंगठ्याने दाबून बघायची, कुणाला सांगून कळत नसे. मग केळीच्याच सुक्या पानात बांधून सोपटाने आवळायचं. त्या पुडक्यांचे पैसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जात. त्या डब्यातून दोन काकांचं शिक्षण झालं, घराची कौलं बदलली. आजोबा त्या डब्याला हात लावत नसत. लावायची हिंमत नव्हती म्हणा.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने इमारतींच्या बांधकामांवर जायला लागलं. एका टँकरवाल्याने आमच्या विहिरीसाठीही दर सांगितला. वाडीच्या वर्षभराच्या उत्पन्नाला लाजवेल असा दर होता, आणि काकांची तयारीही होती. आजीने विहिरीच्या कठड्यावर लुगडी वाळत घातली आणि टँकरचा पाइप आला की ती काढायला नकार दिला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाने याच प्रश्नावर सगळी वसई रस्त्यावर आणली. आजी मोर्च्याला गेली नाही, गुडघे दुखत होते. पण उपशामुळे आजूबाजूच्या विहिरींत खारं पाणी चढलं ते तिने पाहिलं होतं, आणि ते भाषणातून शिकली नव्हती.

नऊ बाळंतपणांवर आपण ‘चर्चने लादलेली’ असं लिहिलंत. गर्भनिरोधनाला मनाई करणारं पोप पॉल सहावे यांचं ‘हुमाने व्हिते’ हे पत्र १९६८ सालचं. तेव्हा आजीचं शेंडेफळ शाळेत जात होतं. चर्चची शिकवण त्याआधीही तीच होती हे मान्य, पण पन्नासच्या दशकात देशातच बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होत होती. शेजारच्या हिंदू घरांत पाळणे काही कमी हलले नाहीत. नऊपैकी दोन मुलं तान्हेपणीच गेली. तिला ती बाळंतपणं हवी होती का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि मी तिच्या वतीने ‘हो’ म्हणणार नाही. सुनांनी दोनवर थांबायचं ठरवलं तेव्हा तिने तोंडातून शब्द काढला नाही, एवढं मला ठाऊक आहे. कन्फेशनला जाऊन फादरना काय म्हणाली ते ती आणि फादर.

आता जिथे आपण खरंच बोट ठेवायला हवं होतं तिथे येतो. मी लेखात एक अख्खा परिच्छेद लिहिला, आपण त्याच्या शेजारून निघून गेलात.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. आम्हा ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा भेद नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देशभर २००५च्या दुरुस्तीने मिळाला, आमच्याकडे समान वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर आहे. आजोबांच्या मागे चार मुलगे, तीन मुली. म्हणजे प्रत्येक आत्याचा वाटा दोन-एकविसांश. कायद्यात इतकं स्वच्छ. आणि आजीने स्वतः तिघींना घरी बोलावलं, जेवू घातलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या करायला सांगितल्या. ‘लग्नात सोनं दिलं, आता भावांच्या वाडीत कशाला?’ हे वाक्य तिचं. आजोबांचं नव्हे, कुठल्या फादरचं नव्हे, पोर्तुगीजांचं तर नव्हेच. दोघींनी सह्या केल्या. तिसरीने केली नाही, आणि त्यानंतर बरीच वर्षं ती नाताळला माहेरी आली नाही. आजी रोज रात्री माळेनंतर तिचंही नाव घ्यायची, शेजाऱ्याच्या नावानंतर.

याला मी शोषण म्हणतो, आणि ते करणारी माझी आजी होती. आपण मात्र रोझरीत अडकलात. श्रद्धाळू बाई म्हणजे एकतर देवी नाहीतर बळी, असं धरून चाललं की तिच्या हातून घडलेला अन्याय दिसतच नाही, कारण बळीच्या हातून अन्याय होईल असं कुणाच्या मनात येत नाही. तिच्याकडे डबा होता, विहिरीवर शब्द होता, चार मुलगे तिला विचारल्याशिवाय बी पेरत नसत. एवढी सत्ता असलेल्या बाईने ती मुलींविरुद्ध वापरली. मला ती आवडते. ही गोष्ट आवडत नाही. दोन्ही लेखात आहेत.

तिसऱ्या आत्याचं नाव आजही वाडीच्या सातबाऱ्यावर आहे. वसईत जमिनीला आता काय भाव आहे ते आपल्याला माहीत असेलच, त्यामुळे हा विषय आमच्या घरात पुन्हा निघालाय आणि या वेळी चुलत भावंडं दोन बाजूंना वाटली गेलीत. मी आत्याच्या बाजूने आहे, हे सगळ्यांना सांगून झालंय. तिघींशी बोलून पुढचा लेख लिहायचा विचार आहे. सह्या करणाऱ्या दोघी तयार आहेत. न करणारीने सांगितलं, आधी वाटणी होऊ दे, मग बोलू.