खुलासा : रक्तातलं कॅल्शियम ठीक, म्हणून इग्वानाची हाडंही ठीक?

‘रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक आलं, म्हणजे इग्वानाची (पाळल्या जाणाऱ्या मोठ्या सरड्याची) हाडं ठणठणीत’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की परावटू (पॅराथायरॉइड, म्हणजे रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवणाऱ्या) ग्रंथींचं संप्रेरक ते हाडांतून ओढून घेतं. आकडा सावरतो, हाड मात्र विरळ होत जातं. जबडा सुजून मऊ लागतोय, मागचे पाय थरथरताहेत? मग अहवाल बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढा. नुसती कॅल्शियमची पावडरही पुरत नाही. ते आतड्यातून नीट शोषायला ड३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्वचेत तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. खिडकीची काच नेमके तेच अडवते! आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं.