हळद, मनुके आणि हार्ट फेल्युअर: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली-मिरज भागात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे असे आहे की, हार्ट फेल्युअरचे (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याचे) मूळ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये, म्हणजे घातक ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींवर येणाऱ्या ताणात असते, तो एमडीए या पदार्थाच्या रक्ततपासणीत दिसतो, आणि सांगलीची हळद, तासगावचे मनुके व ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेऊन हा आकडा उतरला की हृदयाच्या गोळ्या बंद करता येतात.

पहिले विधान अर्धे खरे आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत एमडीए, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, आणि आयसोप्रोस्टेन हे या ताणाने पेशींतील स्निग्ध पदार्थ बिघडून तयार होणारे घटक वाढलेले आढळतात. मात्र थकलेले हृदय स्वतःही हा ताण वाढवते. त्यामुळे वाढलेला आकडा आजाराचे कारण दाखवतो की परिणाम, हे केवळ त्यावरून ठरत नाही.

तपासणीवरचा विश्वासही अनाठायी आहे. तंबाखू, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही एमडीए वाढते, आणि नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या किंवा तो नीट साठवला गेला नाही, तरी आकडा बदलतो. निदानासाठी डॉक्टर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरील भार दाखवणारी रक्ततपासणी) पाहतात, ते उगाच नव्हे.

खरा प्रश्न ई जीवनसत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिलेले आहे. ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांना रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व दिले गेले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुढच्या टप्प्यात, सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, फायदा तर दिसला नाहीच, उलट हार्ट फेल्युअरचा धोका 13 टक्क्यांनी अधिक आढळला. त्याच ‘होप’मध्ये रामिप्रिल या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मात्र हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू कमी केले होते. को-एन्झाइम क्यू-10 या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटचे (असा ताण कमी करणाऱ्या पदार्थाचे) हार्ट फेल्युअरच्या 420 रुग्णांतील निष्कर्ष आशादायक होते, हे मान्य करायला हवे. पण तेथेही ते नेहमीच्या औषधांच्या जोडीनेच दिले होते.

हळद आमटी-भाजीत खुशाल असावी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या हळदीचा अभिमान मलाही आहे. परंतु वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना कर्क्युमिनच्या (हळदीतील मुख्य घटकाच्या) तीव्र कॅप्सूल घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मनुक्यांत पोटॅशियम भरपूर असते. स्पायरोनोलॅक्टोन हे शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारे हृदयाचे औषध घेणाऱ्या आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णाने ते रोज मूठ-मूठ खाल्ले, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. 2019 च्या ‘ट्रेड-एचएफ’ अभ्यासात हृदय पूर्ववत झालेल्या, कोणतीही लक्षणे नसलेल्या रुग्णांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवली, तरीही सहा महिन्यांत 44 टक्के रुग्णांत आजार पुन्हा उद्भवला. घरात असा रुग्ण असेल तर एमडीएवर खर्च करण्याऐवजी रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि न्याहारीपूर्वी, त्याचे वजन वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले, पायावर सूज आली किंवा उताणे झोपल्यावर दम लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.